न दिलेला नमुना

सुनेत्रा खानोलकर सावंतवाडीहून परतली त्याला तिसराच दिवस होता. परदेशातून आलेल्या माणसानं सात दिवस गोरिलांजवळ फिरकायचं नाही असा नियम होता, आणि तो लिहिला होता तिनंच. म्हणून युगांडाच्या नैऋत्य टोकाला, डोंगराच्या कुशीतल्या आपल्या पत्र्याच्या घरात बसून ती भाचीच्या लग्नाचे फोटो चाळत होती. सकाळपासून घसा खवखवत होता. विमानातल्या गार हवेचा प्रताप, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

दहाच्या सुमाराला वायरलेसवर एलिफाझचा आवाज आला. एलिफाझ हा गोरिलांचा माग काढणारा. सुनेत्राबरोबर तो आठ वर्षं जंगल तुडवत होता.

"डॉक्टर, करुंगी फासात अडकलीय. तार मनगटात रुतलीय. हात काळा पडायला लागलाय."

करुंगी म्हणजे रुकारा या म्होरक्या नराच्या कळपातलं अडीच वर्षांचं पिल्लू. हरणांसाठी कुणीतरी लावलेल्या तारेत तिचा हात सापडला होता. दुसरा पशुवैद्य राजधानीत होता, दहा तासांच्या अंतरावर. अशा वेळी नियमाला अपवाद होता: फाटकावरच्या नळीत फुंकून श्वासाचा नमुना द्यायचा आणि आत असेपर्यंत मुखपट्टी काढायची नाही.

सुनेत्रा फाटकाकडे निघाली आणि थबकली. नळीनं लाल दिवा दाखवला तर? तर तिला परत फिरावं लागेल, आणि पिल्लाचा हात जाईल, कदाचित जीवही. ती वळली, तिनं घरातली बाण-औषधांची पिशवी उचलली आणि ती मागच्या पायवाटेनं जंगलात शिरली.

पुढचं सगळं तासाभरात घडलं. करुंगीच्या आईला भुलीचा बाण मारला. माग काढणाऱ्या बाकीच्या माणसांनी झाडांवर काठ्या बडवत रुकाराला पलीकडच्या उतारावर थोपवून धरलं. सुनेत्रानं पिल्लाला सुई टोचली, तार कापली, जखम धुतली. एलिफाझनं करुंगीचे पाय धरले होते. तोच एकदम म्हणाला, "डॉक्टर, पोट हलत नाहीये."

करुंगीचा श्वास थांबला होता. श्वास देण्याची रबरी पिशवी सुनेत्राच्या नेहमीच्या पेटीत होती आणि ती पेटी फाटकाजवळच्या खोलीत होती. मागच्या वाटेनं येण्याच्या नादात ती तशीच राहिली होती. सुनेत्रानं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग मुखपट्टी खाली ओढली, पिल्लाच्या नाकपुड्यांवर गॉजचा तुकडा धरला, त्याचं तोंड मिटलं आणि स्वतःचा श्वास आत सोडला. एकदा, दोनदा, चाळीस वेळा. चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या श्वासाला ती इवलीशी छाती आपणहून वर आली.

एलिफाझनं करुंगीचे पाय अजून धरलेलेच होते. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

परतल्यावर सुनेत्रानं सवयीनं कापलेली तार, जखमेचे बोळे आणि तो गॉजचा तुकडा एका पिशवीत घालून शीतपेटीत टाकला. नंतर ती नोंदवही भरायला बसली. 'श्वासाचा नमुना' या रकान्यात तिनं लिहिलं: गडबडीत राहिला. 'मुखपट्टी' या रकान्याशी पेन थोडं घुटमळलं. मग तिनं लिहिलं: पूर्ण वेळ.

*

त्यानंतर आठव्या दिवशी रुकाराचा कळप खोकायला लागला.

माणसाला जो विषाणू दोन दिवस शिंकायला लावून निघून जातो, तोच गोरिलाच्या फुप्फुसात शिरला की ठाण मांडतो. आपण या विषाणूंबरोबर हजारो वर्षं नांदत आलो आहोत. गोरिलांना त्यांची ओळखच नाही. बाराव्या दिवशी न्याकाटो नावाची म्हातारी मादी गेली. चौदाव्या दिवशी सहा महिन्यांचं एक पिल्लू गेलं. त्याचं अजून बारसंही झालं नव्हतं. त्याची आई दोन दिवस ते पाठीवर घेऊन हिंडत होती.

करुंगी मात्र जगली.

पूर्वी अशी साथ आली की ती कुठून आली हे कळायला मार्ग नसे. आता २०४३ साली तो होता. जंगलातल्या झाडांना तेलाच्या डब्याएवढ्या पेट्या बांधल्या होत्या. त्या दिवसरात्र हवा ओढत आणि हवेतला विषाणू गाळणीवर पकडत. काठावरच्या वस्त्यांतली माणसं दर आठवड्याला नळीत फुंकून आपला श्वास देत. हे सगळे नमुने मुख्य यंत्राकडे जात आणि यंत्र त्यांची वंशावळ लावी. वस्तीतले लोक या सगळ्या कारभाराला 'नाक' म्हणायचे.

वंशावळ कशी लागते, हे सुनेत्रा नवख्या माणसांना नेहमी जुन्या पोथ्यांचं उदाहरण देऊन समजवायची. एका पोथीवरून दुसरी उतरवताना लेखनिक कुठेतरी चुकतो, काना सोडतो, वेलांटी उलटी काढतो. पुढचा लेखनिक ती चूक इमानदारीनं जशीच्या तशी उतरवतो आणि स्वतःची एक भर घालतो. चुका जुळवत गेलं की कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली हे सांगता येतं. विषाणूही असाच स्वतःच्या नकला काढतो, आणि तोही असाच चुकतो. नाक त्या चुका वाचत असे.

पण पोथ्यांच्या अभ्यासकाला जी अडचण येते, ती नाकालाही होती. दोन पोथ्या एकमेकींशी फार जुळल्या, तर एक दुसरीवरून उतरवलेली असेल, किंवा दोन्ही अशा तिसऱ्या पोथीवरून उतरवलेल्या असतील जी आपल्या हाती लागलेलीच नाही. जे हाती नाही त्याचं नाव यंत्र कुठून घेणार?

करुंगीच्या विषाणूशी सर्वांत जुळणारा नमुना निघाला तो जेनिनाचा.

जेनिना एलिफाझची बायको. जंगलाच्या कोपऱ्यावरच्या अकरा घरांच्या वस्तीची ती आरोग्यसेविका होती. त्या वस्तीच्या आजोबा-पणजोबांना गोरिलांसाठी म्हणून जंगलाबाहेर काढलं होतं. त्यामुळे "आता श्वासही द्या" म्हणणाऱ्यांना लोकांनी दारातून हाकललं होतं. दोन वर्षं घरोघर फिरून जेनिनानं त्यांची समजूत घातली. पहिला श्वास तिनं स्वतः दिला. सर्दी झाली तर लपवू नका, सांगितलंत तर कुणी तुम्हाला काही करणार नाही, हा तिनं दिलेला शब्द होता. आणि या वेळी तिला स्वतःला सर्दी झाली तेव्हा तिनं त्याच दिवशी नळीत फुंकलं, वहीत आपलं नाव लिहिलं आणि ती आठ दिवस घरात बसली.

सुनेत्रा सावंतवाडीहून आली त्या संध्याकाळी जेवायला गेली होती ती जेनिनाकडेच. दारातच दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. "वाळलीस गं," असं जेनिना म्हणाली होती.

*

राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य वॉर्डन बेकुंडा यानं चौकशी ठेवली ती शाळेच्या वर्गात. पन्नासेक माणसं बाकांवर दाटीवाटीनं बसली होती. बेकुंडा भला माणूस होता, पण दोन गोरिला मेले होते, जगभरातून फोन येत होते आणि त्याला उत्तर हवं होतं.

"डॉक्टर, यंत्र काय म्हणतं?"

सुनेत्राच्या हातात अहवाल होता. त्यात दोन ओळी होत्या. पहिली: जेनिनाकडून, तिच्या जंगलालगतच्या बटाट्याच्या शेतातून संसर्ग झाल्याची शक्यता एकोणसाठ टक्के. दुसरी: नमुना न दिलेल्या एखाद्या व्यक्तीकडून जेनिना आणि करुंगी दोघींनाही संसर्ग झाल्याची शक्यता एक्केचाळीस टक्के.

तिनं पहिली ओळ वाचली.

दुसरीही वाचायची असं तिनं ठरवलं होतं. ओठही हलले होते. पण बेकुंडानं लगेच विचारलं, "म्हणजे सर्वांत जास्त शक्यता हीच?"

"हो," सुनेत्रा म्हणाली. "सर्वांत जास्त हीच." आणि ती खाली बसली.

ते खोटं नव्हतं. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला हेच बजावत राहिली, की आपण एक शब्दही खोटा बोललो नाही.

तिसऱ्या बाकावर एलिफाझ बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसती वाट पाहत होता. आता उठेल, आता सांगेल, अशा विश्वासानं तो तिच्याकडे पाहत होता. आणि सुनेत्रानं हातातले कागद नीट जुळवायला घेतले.

जेनिना उभी राहिली. "मी सर्दीच्या दिवशी शेतात गेले नव्हते," ती म्हणाली. "पण आदल्या दिवशी गेले होते. तेव्हा माझ्यात तो असेल तर मला ठाऊक नाही. यंत्र म्हणत असेल तर असेल." ती थांबली आणि अगदी हळू म्हणाली, "मला माफ करा."

नियमाप्रमाणे जे व्हायचं ते झालं. साथ ज्या घरातून निघाली त्या वस्तीची जंगलाची वाट सहा महिने बंद. सरपण, मध, औषधी मुळ्या, सगळं बंद. एलिफाझचं काम गेलं. जेनिनाची वही काढून घेतली. त्या दुपारी विहिरीवर ती घागर घेऊन गेली तेव्हा बायांनी आपली मुलं मागे ओढली.

*

चार दिवसांनी सुनेत्रा तिच्याकडे गेली. काय बोलायचं ते तिनं वाटेत तीनदा जुळवलं होतं.

जेनिना अंगणात शेंगा सोलत होती. तिनं उठून बुशेरा आणला. बुशेरा म्हणजे ज्वारीची आंबूस पेज, आपल्या आंबिलीची सख्खी बहीण. एरवी ती पेला हातात द्यायची. आज तिनं तो दहा पावलांवरच्या दगडावर ठेवला आणि स्वतः मागे सरकली.

"हे काय?" सुनेत्रानं विचारलं.

"तुम्हाला उद्या गोरिलांकडे जायचं असेल, डॉक्टर. माझ्यापासून लांबच बसा."

आठ वर्षं ती 'सुनेत्रा' होती आणि 'तू' होती. हे 'तुम्ही' आणि 'डॉक्टर' कानात शिरलं आणि जुळवून आणलेली वाक्यं विरघळून गेली. तिनं पेला उचलला. एक घोट घेतला.

"जेनिना, यंत्र नेहमी बरोबरच असतं असं नाही," ती कशीबशी म्हणाली.

"मग तुम्ही तसं तिथे का नाही म्हणालात?"

जेनिनानं हे ओरडून विचारलं नाही. तिला खरंच कळत नव्हतं. सुनेत्रानं काहीतरी पुटपुटून पेला खाली ठेवला.

एलिफाझ तिला वळणापर्यंत सोडायला आला. चालता चालता तो म्हणाला, "करुंगी खातेय ना नीट?"

"खातेय."

"मी घरी सांगितलंय. तुम्ही तिला श्वास दिलात ते." सुनेत्रा थांबली. तो थांबला नाही, म्हणून तिला पुन्हा पावलं उचलावी लागली. "मी चौकशीत उठणार होतो. जेनिनानं सकाळीच बजावलं होतं, की तू बोलायचं नाहीस. तू बोललास तर लोक म्हणतील, बायकोला वाचवायला डॉक्टरीणबाईवर ढकलतोय. आणि ती म्हणाली, सुनेत्रा स्वतःच सांगेल. मी ओळखते तिला."

वळण आलं. तो मागे फिरला. "अजूनही ती तसंच म्हणते," तो जाता जाता म्हणाला.

सुनेत्राला वाटलं, त्यानं आपल्याला एक थप्पड मारली असती तर आपण उभं तरी राहू शकलो असतो.

*

कदाचित आपण नसूही, या एका आशेवर तिनं दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं दार आतून लावलं. एव्हाना तिच्या स्वतःच्या श्वासात काही सापडणं शक्य नव्हतं. विषाणू येऊन गेला होता. पण शीतपेटीत ती पिशवी होती. तिनं गॉजचा अर्धा तुकडा कापून यंत्रात घातला.

यंत्रानं विचारलं: नमुन्याचं नाव?

तिनं टाइप केलं: अज्ञात.

चाळीस मिनिटांनी पडद्यावर वंशावळ उमटली. करुंगीच्या विषाणूत एक चूक होती जी जेनिनाच्या विषाणूत नव्हती. जेनिनाच्या विषाणूत एक चूक होती जी करुंगीच्या विषाणूत नव्हती. गॉजवरच्या विषाणूत या दोन्हींतली एकही नव्हती. हीच ती हाती न लागलेली पोथी. तिच्यातून एक रेघ करुंगीकडे गेली होती, तिथून न्याकाटोकडे, त्या बिननावाच्या पिल्लाकडे. आणि दुसरी रेघ गेली होती जेनिनाकडे. गळाभेटीची ती संध्याकाळ पडद्यावर एका रेघेइतकी झाली होती.

म्हणजे जेनिनानं साथ दिली नव्हती. जेनिनानं ती घेतली होती, सुनेत्राकडून.

यंत्रानं विचारलं: निष्कर्ष मुख्य नोंदीत पाठवायचा?

सुनेत्रानं हात मागे घेतला. परवाना जाईल. बारा वर्षांचं काम जाईल. आपण लिहिलेला नियम आपणच मोडला म्हणून इतरांनाही मोडायला मोकळीक मिळेल. प्रकल्पाचंच नुकसान होईल. किती शहाणी कारणं सुचत होती! आणि प्रत्येक कारण सुचताना तिला कळत होतं की आपल्याला भीती वाटतेय ती वळणापर्यंत सोडायला आलेल्या त्या माणसाच्या नजरेची.

तिनं 'पुसून टाका' वर बोट ठेवलं.

*

पुढच्या आठवड्यात नळ्या रिकाम्या यायला लागल्या. आधी कोपऱ्यावरची वस्ती, मग शेजारच्या दोन, मग सगळ्याच. कुणी भांडलं नाही की सभा घेतली नाही. माणसं फक्त म्हणत, "आज वेळ नाही." नळीत फुंकून मिळतं काय, तर शाळेच्या वर्गात पन्नास जणांसमोर माफी मागायला लागते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. झाडांवरच्या पेट्या हवा ओढतच होत्या, पण जुळवायला समोर नमुने नव्हते.

पाचव्या आठवड्यात पलीकडच्या खोऱ्यातला कवेरे मेला. कवेरे हा रुपेरी पाठीचा नर, अकरा जणांच्या कळपाचा आधार. सुनेत्रानं उघड्यावरच त्याचं शवविच्छेदन केलं. दोन्ही फुप्फुसं घट्ट झाली होती. कळप वरच्या उतारावर जागा न सोडता बसून होता, आणि मधूनच एखादी मादी खोकत होती.

त्या कळपाचा माग काढणारा बोनिफेस वीस पावलांवर पाठ करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. सुनेत्रा हातमोजे काढून त्याच्याकडे गेली.

"तुला बरं नव्हतं?"

त्यानं मान हलवली. "नऊ दिवसांपूर्वी ताप होता."

"मग सांगितलं का नाहीस, बोनिफेस? तुला ठाऊक होतं ना काय होऊ शकतं?"

"जेनिनानं सांगितलं होतं," तो म्हणाला. "तिचं काय झालं ते मी पाहिलं."

सुनेत्रा तिथेच चिखलात बसली. ओरडायला तोंड नव्हतं. बोनिफेसनं जे केलं होतं ते तिनंही केलं होतं. फरक इतकाच, की तो विचारल्याबरोबर बोलला होता.

संध्याकाळच्या आत तिनं गॉजचा उरलेला अर्धा तुकडा यंत्रात घातला. नमुन्याचं नाव? तिनं लिहिलं: डॉ. सुनेत्रा विश्राम खानोलकर. निष्कर्ष मुख्य नोंदीत पाठवायचा? तिनं होय म्हटलं. मग अहवालाचा कागद, नोंदवहीचं ते पान आणि स्वतःच्या हातानं लिहिलेली चार पानं घेऊन ती बेकुंडाच्या कार्यालयात गेली.

त्यानं सगळं वाचलं. चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही पिल्लाला वाचवलंत," तो म्हणाला.

"मी जेनिनाला बुडवलं."

"चार दिवस थांबा. मी बघतो कसं मांडायचं ते."

*

ते कसं मांडलं, हे तिला शुक्रवारी रेडिओवर कळलं. 'स्वतःच्या जिवाची पर्वा न करता गोरिलाच्या पिल्लाला आपला श्वास देणारी भारतीय डॉक्टर.' शेवटी एक वाक्य होतं: फेरतपासणीनंतर कोपऱ्यावरच्या वस्तीवरचे निर्बंध उठवण्यात येत आहेत. नोंदवहीतल्या खोट्या शब्दाचा, न वाचलेल्या ओळीचा, पुसून टाकलेल्या निष्कर्षाचा कुठे पत्ता नव्हता.

दुपारी सावंतवाडीहून थोरल्या बहिणीचा फोन आला. "अगं सुनू, पेपरात फोटो आलाय तुझा! सकाळपासून माणसांची रीघ लागलीय. आज बाबा हवे होते गं."

"ताई, ती बातमी अर्धीच आहे."

"म्हणजे?"

सुनेत्रानं उरलेली अर्धी सांगितली. सगळी, क्रमानं, काही न गाळता. मध्येच तिकडून "हं" येणंही थांबलं. शेवटी ताई म्हणाली, "आता पेपर दाखवायला आलेल्या लोकांना मी काय सांगू?"

"हेच सांग."

"तुला सोपं आहे म्हणायला," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

सुनेत्रानं जंगलात शिरण्याचा परवाना पाकिटात घालून बेकुंडाकडे पाठवला. आपली चार पानं तिनं रेडिओलाही पाठवली आणि पशुवैद्यांच्या परिषदेलाही. मग ती कोपऱ्यावरच्या वस्तीकडे निघाली.

जेनिना शेतात बटाट्यांना माती चढवत होती. सुनेत्राला पाहून तिनं कुदळ खाली ठेवली नाही.

"रेडिओवर तुमचं नाव ऐकलं," ती म्हणाली.

"तुझं नाव घ्यायला हवं होतं त्यांनी. तुझा काही दोष नव्हता असं सांगायला हवं होतं."

"नको. माझं नाव खूप वेळा घेऊन झालं."

सुनेत्रा सरीच्या कडेला उभी होती. "जेनिना, ती सर्दी तुला माझ्याकडून झाली होती. मला संशय पहिल्यापासून होता. खात्री झाली तेव्हाही मी गप्प बसले. तू माझ्यासाठी थांबलीस आणि मी..." ती सरीत एक पाऊल पुढे आली. "मी आता काय करू?"

जेनिनानं कुदळ उचलून पुन्हा जमिनीत मारली. "मला विचारू नका. इतके दिवस मला न विचारता केलंत, तसं हेही करा." दोन-तीन घाव घातल्यावर ती थांबली, पण वर पाहिलं नाही. "मला मेलेल्यांचं वाईट वाटायचं. रोज. त्या बाळाच्या आईचं तर फारच. मला वाटायचं, माझ्यामुळे गेलं. पाच आठवडे मला तसं वाटू दिलंत तुम्ही."

सुनेत्रा सरीच्या कडेवरून निघाली. ती वस्तीकडे वळली.

अकरा घरं होती. पहिल्या दारात एक म्हातारा बसला होता. तिनं मोडक्यातोडक्या रुकिगा भाषेत सगळं सांगितलं: मी खवखवणारा घसा घेऊन आत गेले, मी खोटं लिहिलं, जेनिना निर्दोष होती, मला माहीत होतं. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि उठून दार लावून घेतलं. दुसऱ्या घरात बाईनं विचारलं, "मग आमच्या मुलांनी महिनाभर ओलं सरपण जाळलं ते?" सुनेत्रा म्हणाली, "माझ्यामुळे." तिसऱ्या घरातल्यांनी रेडिओ ऐकला होता, ते हसून अभिनंदन करायला पुढे आले, आणि तिला त्यांचं हसू शब्दाशब्दानं पुसत जावं लागलं. चौथं घर, पाचवं, सहावं. सांगून सांगून सोपं होईल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही.

सातव्या घरात मुकानदुतिये नावाची एक वयस्कर विधवा राहायची. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तोंड फिरवून पदरासारख्या ओढलेल्या कापडात ती खोल, घरघरता खोकला खोकली. सुनेत्रा चटकन पुढे झाली.

"केव्हापासून आहे हा खोकला?"

"चार दिवस. लपवला होता." म्हातारीनं काठी घेतली आणि ती उंबऱ्याबाहेर आली.

"बसा, मी लिहून घेते," सुनेत्राच्या तोंडून गेलं. मग तिला आठवलं, की लिहून घेण्याचा अधिकार आता तिला नव्हता. "म्हणजे, जेनिनाला सांगायला हवं."

"तिलाच सांगायला निघालेय," म्हातारी म्हणाली. "तुम्ही वाटेतून बाजूला व्हा."

सुनेत्रा बाजूला झाली. म्हातारी काठी टेकत शेताच्या दिशेनं गेली. सुनेत्रानं तिला बटाट्याच्या सऱ्यांपर्यंत जाताना पाहिलं, आणि मग ती आठव्या घराकडे वळली.